माणशी पावणेनऊ पैसे: संस्थानिकांच्या तनख्यांचं प्रकरण

हे प्रकरण कशाचं

राजघराण्यावर सरकारी तिजोरीतून किती पैसा जातो, हा विषय निघाला की बोट लगेच लंडनकडे वळतं. आपल्याकडे हा वाद एकदा पार तडीस गेलेला आहे, तोही पक्षाची बैठक, संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय आणि सार्वत्रिक निवडणूक अशी सगळी ठाणी घेत. स्वातंत्र्यानंतर १९७१ अखेरपर्यंत भारत सरकार माजी संस्थानिकांना दरवर्षी तनखा देत होतं. तो कसा ठरला, बंद करायचं कधी ठरलं आणि बंद करताना कुठे ठेच लागली, ते इथे मांडलं आहे. त्यातले दोन कळीचे कर्ते, मोहन धारिया आणि यशवंतराव चव्हाण, आपल्याच मातीतले. शेवटच्या खटल्यात तर कुरुंदवाडचं नाव आहे.

पार्श्वभूमी: सौदा काय होता

१९४७ साली साडेपाचशेहून जास्त संस्थानं होती. हैदराबाद एखाद्या युरोपीय देशाएवढं, तर काठेवाडातली काही संस्थानं दोन-चार गावांची. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी आधी सामीलनाम्यांवर आणि मग विलीनीकरणाच्या करारांवर सह्या घेतल्या. सांगली, मिरज, औंध, भोर, फलटण वगैरे दक्षिणी संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आलं. औंधने १९३९ मध्येच घटना करून कारभार लोकांच्या हाती दिला होता. पण तसं दुसरं उदाहरण शोधायला दूर जावं लागतं.

राज्य, महसूल, फौज, रोकड, इमारती आणि असेल तिथे रेल्वेसुद्धा सरकारजमा करायची. बदल्यात खाजगी मालमत्ता, पदव्या आणि दरवर्षीचा करमुक्त तनखा घ्यायचा, असा हा सौदा. रकमेसाठी एक सूत्र होतं. पूर्वेकडच्या संस्थानांना लावलेलं सूत्र असं: वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या १ लाखावर १५ टक्के, पुढच्या ४ लाखांवर १० टक्के, त्यावरच्या रकमेवर साडेसात टक्के आणि कमाल मर्यादा १० लाख. म्हणजे ३ लाख उत्पन्नाच्या संस्थानाला ३५,००० रुपये, २० लाखांच्या संस्थानाला १,६७,५०० रुपये. उत्पन्न १ कोटी ३१ लाखांवर जाईपर्यंत १० लाखांच्या मर्यादेला हातच लागत नाही.

बड्यांसाठी ही मर्यादा ओलांडली गेली. बडोद्याला साडेसव्वीस लाख, म्हैसूरला २६ लाख, ग्वाल्हेरला २५ लाख. निजामाला ५० लाख, पण हाली सिक्क्यात, म्हणजे हैदराबादच्या स्वतःच्या चलनात; सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये या दराने ते ४२,८५,७१४ रुपये होतात. जुन्या याद्यांत हा विचित्र आकडा दिसतो, त्याचं मूळ हे. दुसऱ्या टोकाला सौराष्ट्रातला कटोडियाचा तालुकदार, वर्षाला १९२ रुपये. महिन्याला सोळा.

मग घटनेत अनुच्छेद २९१ आला. तनखा भारताच्या एकत्रित निधीतून द्यायचा, त्यावर संसदेत मतदान नाही, आयकर नाही. अनुच्छेद ३६२ने इतर हक्क आणि मानमरातब सांभाळायची हमी दिली. ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत पटेलांनी याची बाजू मांडली ती अशी की, रक्त न सांडता एवढी उलथापालथ झाली, तिच्या मानाने ही किंमत थोडकी आहे. त्या वेळी हे म्हणणं खोडून काढणं अवघड होतं.

कळीची चूक मात्र इथेच झाली, असं मला वाटतं. तनखा कधी संपणार, हे कुठेच लिहिलं नाही. १० लाखांवरची रक्कम फक्त पहिल्या धन्याच्या हयातीपुरती होती, तेवढा एक उतार ठेवला होता. बाकी वारसाहक्काने चालू. फेरविचाराची तारीख नाही, पिढ्यांची मर्यादा नाही.

हिशेब: ओझं नेमकं किती

१९७० च्या सुमारास पावणेतीनशेच्या आसपास तनखेदार होते आणि एकूण रक्कम वर्षाला सुमारे ४ कोटी ८० लाख. १९७१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५४ कोटी ८० लाखांच्या घरात होती. भागाकार करा: माणशी वर्षाला पावणेनऊ पैसे.

शिवाय रकमेला गळती लागलेलीच होती. जिवाजीराव शिंदे १९६१ मध्ये गेल्यावर ग्वाल्हेरचा तनखा २५ लाखांवरून १० लाखांवर आला. निजाम १९६७ मध्ये गेले, त्यांच्या वारसाला १० लाखांच्या नियमाला अपवाद म्हणून २० लाख लागू झाले. महागाईबरोबर तनखा वाढायची सोय नव्हती, त्यामुळे रुपया घसरला तसा तनखाही आतून पोकळ होत गेला. काहीही न करता नुसतं थांबलं असतं, तरी आज हा खर्च एखाद्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात लपला असता.

पण हा आकडा अर्धवट आहे. करमुक्तीचं मोल त्यात धरलेलं नाही. १९७०-७१ च्या अंदाजपत्रकात आयकराचा वरचा दर अधिभारासह साडेत्र्याण्णव टक्क्यांवर गेला. त्या दराने एखाद्या कारखानदाराला हातात १० लाख उरवायचे तर दीड कोटीच्या घरात कमवावे लागले असते. संस्थानिकाच्या हातात तेच १० लाख सरळ पडत. राजवाड्याला संपत्तीकरातून सूट, सीमाशुल्कातल्या सवलती, केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय दिवाणी दावा नाही, गाडीला लाल पाटी, घरावर स्वतःचा झेंडा. यातल्या काहींची किंमत रुपयांत मांडता येते, काहींची नाही. आणि लाल पाटीची गाडी गावातून गेली की ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, तो पावणेनऊ पैशांचा हिशेब करत नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

नेहरूंनी १९५० च्या दशकात संस्थानिकांना स्वेच्छेने कपात सोसायचं आवाहन केलं होतं. प्रतिसाद तुटपुंजा. त्यानंतर विषय थंडच होता.

१९६७ च्या निवडणुकीने तो तापवला. काँग्रेसचं लोकसभेतलं बहुमत आक्रसलं, अनेक राज्यांत सत्ता गेली, आणि विरोधकांच्या बाजूने माजी राजघराणी उघडपणे उतरलेली दिसली. जयपूरच्या गायत्रीदेवी ‘स्वतंत्र’ या नावाच्या विरोधी पक्षात होत्या. सरकारच्या पैशावर पोसलेली माणसं सरकारच पाडतात, हा मुद्दा सभेत सांगायला सोपा होता.

जून १९६७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. दहा कलमी कार्यक्रमात संस्थानिकांचे विशेषाधिकार काढायचं कलम होतं, तनखे बंद करायचं नव्हतं. मोहन धारियांनी उपसूचना मांडली: तनखेही बंद करा. तोवर बहुतेक सभासद उठून गेले होते. मतदान झालं, १७ विरुद्ध ४. एवढ्या मतांनी देशातल्या सर्वात मोठ्या पक्षाचं धोरण ठरलं आणि पुढची साडेचार वर्षं त्याचा पाठलाग चालला. मोरारजी देसाईंचा विरोध होता. दिलेला शब्द मोडणं त्यांना मान्य नव्हतं. पुढच्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंद्यांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशातलं काँग्रेस सरकार कोसळलं. त्यानंतर पक्षात तनख्यांची बाजू घेणं कुणालाच परवडेना.

समोर असलेले पर्याय

बोलणी करायची जबाबदारी गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आली. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कराडात वाढलेला हा माणूस. आजूबाजूला औंध, सांगली, फलटण अशी संस्थानं बघतच मोठा झालेला. समोर संस्थानिकांच्या संघटनेचे म्होरके म्हणून ध्रांगध्राचे महाराज होते, बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड होते.

टेबलावर ढोबळमानाने चार वाटा होत्या. जसं आहे तसं चालू ठेवून रक्कम आपोआप झिजू द्यायची, ही पहिली. आर्थिकदृष्ट्या सर्वात स्वस्त, राजकीयदृष्ट्या अशक्य, कारण १७ विरुद्ध ४ चा ठराव आता परत घेता येत नव्हता.

दुसरी, समझोता: ठरावीक वर्षांत रक्कम उतरत न्यायची आणि संपवायची. चव्हाणांचा ओढा इकडेच होता. सरकार म्हणे, तनखा जाणार हे तत्त्व आधी मान्य करा, मग संक्रमणकाळातल्या मदतीचं बोलू. संस्थानिक म्हणत, करार तो करार. तत्त्व मान्य केलं तर बोलायला उरलं काय? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, आणि म्हणूनच गाडी पुढे सरकेना. तीन वर्षं गेली.

तिसरी वाट, एकरकमी मोबदला. जमीनदारी रद्द करताना उत्तर प्रदेशात रोखे दिले गेले होते, तसंच इथेही करता आलं असतं. ४ कोटी ८० लाखांच्या कायमच्या देण्याचं ५ टक्क्यांनी भांडवल केलं तर ९६ कोटी होतात. उतरती रक्कम धरली तर बरंच कमी. ‘गरिबी हटाव’ची भाषा सुरू होत असताना महाराजांना कोट्यवधींचे रोखे द्यायचे, हे लोकांपुढे मांडणार कोण?

चौथी, घटनादुरुस्ती करून सरळ काढून टाकायचं. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, मोरारजी पलीकडे गेले, आणि इंदिरा गांधींना डाव्यांच्या पाठिंब्यावर सरकार चालवायचं होतं. चौथ्या वाटेचं पारडं आपोआप जड झालं.

कृती: एका मताचा फरक आणि एक सही

१४ मे १९७० रोजी चव्हाणांनी घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडलं. २ सप्टेंबरला ते लोकसभेत मंजूर झालं. ५ सप्टेंबरला राज्यसभेत मतदान झालं: बाजूने १४९, विरोधात ७५. हजर राहून मत देणारे २२४, त्यांचे दोन-तृतीयांश होतात १४९.३३. दुरुस्ती एका मताच्याही अंशाने पडली.

खरा निर्णयाचा क्षण हा. नियमाप्रमाणे पुढची वाट सरळ होती: पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबा, एखाद-दोन सदस्यांची समजूत घाला, हवं तर विधेयकात संक्रमण भत्त्याचं कलम घाला आणि पुन्हा या. सरकार सहा तासही थांबलं नाही. मंत्रिमंडळ बसलं आणि दुसरीच पळवाट शोधली. अनुच्छेद ३६६(२२) मध्ये ‘राजा’ कोण, याची व्याख्या होती: राष्ट्रपतींनी ज्याला मान्यता दिली आहे तो. मग मान्यताच काढून घेतली तर? राजाच नाही, तर तनखा कुणाला द्यायचा?

राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हैदराबादमध्ये होते. कागद तिकडे गेले, सही झाली, आणि देशातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात गेली. संसदेत जे दोन-तृतीयांश मतांनी जमलं नाही, ते एका सहीने झालं.

संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले. माधवराव शिंदे विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. अकरा न्यायमूर्तींचं पीठ बसलं, संस्थानिकांकडून नानी पालखीवाला उभे राहिले. १५ डिसेंबर १९७० रोजी निकाल लागला, ९ विरुद्ध २: आदेश बेकायदा. मान्यता देण्याचा अधिकार वारस ठरवण्यासाठी आहे, सगळी संस्थाच मोडीत काढण्यासाठी नाही. आणि तनखा ही मालमत्ता आहे, कार्यकारी आदेशाने ती हिरावता येत नाही.

बारा दिवसांनी लोकसभा विसर्जित झाली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदाही त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केला होता. दोन्ही निकाल प्रचारात कामाला आले: आम्ही करू बघतो, हे करू देत नाहीत. मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या.

निकाल

आता मतांची वानवा नव्हती. आधी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेचा दुरुस्तीचा अधिकार पक्का करून घेतला. मग सव्विसावी आली. बांगलादेश युद्धाच्या त्याच डिसेंबरात ती संसदेतून पार पडली, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिला फारशी जागा मिळाली नाही. २८ डिसेंबर १९७१ पासून अनुच्छेद २९१ आणि ३६२ गेले, ३६३-अ आला: यापुढे कुणी राजा नाही, कुणाला तनखा नाही. मोबदल्याची तरतूद शून्य. १९७० मध्ये वाटाघाटींच्या टेबलावर जे थोडंफार मिळण्याजोगं होतं, तेही संस्थानिकांच्या हातून गेलं.

बड्यांचं फारसं अडलं नाही. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ पासूनच हॉटेल होता; ज्यांना वारा कळला त्यांनी आधीच शिडं वळवली होती. खरा फटका बसला मधल्या आणि धाकट्या घराण्यांना. वाडा मोठा, नोकरमाणसं पिढीजात, देवस्थानांचे खर्च डोक्यावर, आणि तनखा होता तोच काय तो रोख आधार. १९७२ मध्ये न्यायालयात गेलेल्यांपैकी एक अर्ज कुरुंदवाड धाकट्या पातीच्या घराण्यातला होता. पटवर्धनांचं हे संस्थान, पंचगंगेकाठचं. त्यांचं म्हणणं असं की करार पाळण्याची हमी हा घटनेच्या मूळ गाभ्याचा भाग आहे, संसदेलाही तो काढता येत नाही. रघुनाथराव गणपतराव विरुद्ध भारत सरकार या नावाने निकाल लागला तो ४ फेब्रुवारी १९९३ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. घटनादुरुस्ती वैध ठरली. समतेच्या तत्त्वाशी तनखे विसंगत होते, ते काढल्याने घटनेचा गाभा बदलत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

१९४८ मध्येच तारीख घालता आली असती. दोन पिढ्या, किंवा पंचवीस वर्षं. पटेल-मेनन यांच्यापुढे घाई होती, काश्मीर आणि हैदराबाद पेटलेलं होतं, संस्थानिक सही करतात हेच खूप होतं; हे सगळं मान्य. तरीही १० लाखांवरची रक्कम हयातीपुरती ठेवायला त्यांनी बड्या राजांना राजी केलंच होतं. तोच नियम खालपर्यंत नेला असता तर १९६७ मध्ये धारियांना मांडायला उपसूचना उरली नसती.

इंग्लंडशी तुलना इथे उपयोगाची ठरते. तिसऱ्या जॉर्जने १७६० मध्ये राजघराण्याच्या जमिनींचं उत्पन्न संसदेकडे सोपवलं आणि बदल्यात वार्षिक नेमणूक घेतली. सौद्याची जात आपल्यासारखीच. पण ती नेमणूक संसद वेळोवेळी नव्याने ठरवत आली. २०११ च्या कायद्याने ती राजजमिनींच्या नफ्याच्या १५ टक्क्यांवर बांधली, दर पाच वर्षांनी फेरविचार ठेवला. बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीसाठी प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, पुढे समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांनी नफा फुगला म्हणून १२ टक्क्यांवर आणलं. २०२५-२६ ची रक्कम तरीही १३ कोटी २१ लाख पौंड झाली, आणि रक्कम आधीच्या वर्षापेक्षा खाली जाऊ शकत नाही, असं कलम त्या कायद्यात आहेच. सुरक्षेचा खर्च या आकड्यात धरत नाहीत. फेरविचाराची तारीख असली म्हणजे खर्च कमी होतो असं मुळीच नाही. भांडण मात्र पाच वर्षांनी अंदाजपत्रकाच्या टेबलावर होतं, घटनापीठापुढे जावं लागत नाही.

५ सप्टेंबर १९७० नंतर थांबायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका मताची तूट मोठी नव्हती. राष्ट्रपतींच्या सहीने सरकारला मिळालं काय? तीन महिन्यांनी न्यायालयात सपशेल हार, आणि शेवटी पुन्हा तीच घटनादुरुस्ती. निवडणुकीत फायदा झाला, हे खरं. पण तो प्रचारकाचा हिशेब झाला, प्रशासनाचा नव्हे. संस्थानिकांचाही डाव फसला. बोलणी चालू असताना उतरता भत्ता लेखी पदरात पाडून घेतला असता तर कुरुंदवाडसारख्यांना दहा-पंधरा वर्षांची उसंत मिळाली असती. बड्यांना ती नको होती, आणि संघटनेत आवाज बड्यांचा होता.

तिसरी गोष्ट करांची. १९६७ ते १९७१ सगळा वाद ४ कोटी ८० लाखांभोवती फिरला आणि करसवलती मागच्या बाकावर बसल्या. म्हणून १९७२ च्या विशेषाधिकार रद्द करणाऱ्या कायद्याने बऱ्याच सवलती काढल्या, तरी आयकर कायद्यात १०(१९-अ) हे कलम त्याच कायद्याने घातलं: माजी राजाच्या निवासाच्या एका राजवाड्याच्या वार्षिक मूल्यावर कर नाही. कोट्याच्या महाराजांनी अशा राजवाड्याचा काही भाग संरक्षण खात्याला भाड्याने दिला होता. आयकर खातं म्हणालं, भाड्याने दिलेल्या भागाला सूट नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये निकाल महाराजांच्या बाजूने लागला: सूट अख्ख्या राजवाड्याला आहे.